धंद्याला नुसते भांडवल पुरत नाही

छोट्या धंद्याला काय हवे, असे कोणालाही विचारले तर उत्तर ठरलेले असते : भांडवल. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. पैसा केव्हा आला, कोणत्या अटीवर आला आणि त्याबरोबर जागा, हिशेबाचे ज्ञान व गिऱ्हाईक आले की नाही, यांवर धंदा तरतो किंवा बुडतो. याची दोन उदाहरणे आपल्या सातारा-सांगलीकडचीच आहेत.

पहिले किर्लोस्करवाडीचे. लक्ष्मणराव किर्लोस्करांवर बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला व १०,००० रुपये बिनव्याजी दिले. १९१० साली तेथे कारखाना उभा राहिला. हे ठिकाण आज सांगली जिल्ह्यात मोडते. पण जागा आणि पैसा मिळूनही लोखंडी नांगर खपेना. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ती दूर होईपर्यंत दम धरावा लागला. बिनव्याजी कर्जाचे मोल येथे कळते : व्याजाचा तगादा असता तर हा दम धरणे अवघड होते.

पण प्रत्येक धंदेवाल्याला राजा कोठून भेटणार? दुसरे उदाहरण याचेच उत्तर देते. सातारा जिल्ह्यातील माण तालुका दुष्काळी. तेथे म्हसवडला रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईंना पावसाळ्यापूर्वी पालावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता व त्यासाठी थोडी थोडी बचत करायची होती. एवढ्याशा रकमेचे खाते बँकेला परवडेना. तेव्हा चेतना सिन्हा व गावच्या बायकांनी स्वतःचीच बँक काढायचे ठरवले. अर्जावर अंगठे पाहून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायकांनी साक्षरतेचे वर्ग सुरू केले, आणि लिहिता येत नसले तरी व्याजाचा हिशेब आम्हांला तोंडी येतो, असे अधिकाऱ्यांना बजावले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

त्या तोंडी हिशेबाचे महत्त्व एका आकड्याने कळेल. समजा, भाजीवालीने सकाळी १,००० रुपये घेऊन संध्याकाळी १,०२० फेडले. वर्षात असे ३०० दिवस गेले, तर हजारावर ६,००० रुपये व्याज झाले! तिला मोठे कर्ज नको असते. बाजाराच्या वेळेला, बाजारातच मिळणारे स्वस्त कर्ज हवे असते. म्हणून ही बँक बाजारात जाऊन बचत गोळा करू लागली. पासबुक घरी नेले तर शिल्लक घरातल्या पुरुषांच्या डोळ्यांवर येते, असे बायकांनी सांगितले. तेव्हा त्याचीही सोय पाहिली गेली. पुढे बसमधून फिरणारी उद्योगशाळा गावोगावी जाऊ लागली.

देशभर जिल्हा उद्योग केंद्रे १९७८ पासून निघाली. योजनांना तोटा नाही. पण धंदेवाल्याने कचेरी शोधत यायचे, की आधाराने त्याच्या दाराशी जायचे, हा खरा प्रश्न आहे. दिवसभर दुकान बंद ठेवून एका सहीसाठी खेटे घालणाऱ्याची त्या दिवसाची कमाई कोणत्याही अनुदानात भरून निघत नाही. आपल्या गावात बँक असो, पतसंस्था असो की व्यापारी मंडळ, तिने प्रथम बाजारात उभे राहून विचारावे : तुम्हांला काय हवे, आणि केव्हा?