पांढरं दिसतं ते सारं भुरी नसतं

आमच्या घरात झाडांची नोंदवही नाही, कालनिर्णय आहे. दुधाच्या खाड्यांशेजारी त्याच चौकटीत ‘आज फवारलं’ असं मी लिहून ठेवतो. परवा माळा आवरताना 2020 पासूनची पाचही कॅलेंडरं एकत्र सापडली. चाळत बसलो, तर माझ्या चुकांचा इतिहास तारीखवार मांडलेला.

सुरुवात 2020 च्या जूनची. निसर्ग चक्रीवादळ पालघरच्या किनाऱ्याला हूल देऊन रायगडात शिरलं, त्याच आठवड्यात मी दुधीचं बी टोचलं. आमचं बेटेगाव म्हणजे बोईसर पूर्वेचं, इमारतींनी भरत चाललेलं गाव. टाळेबंदीत करायला काही नव्हतं, आणि गॅलरीत रंगाचे रिकामे डबे होते. दुधी, काकडी, मिरची, गुलाब, जास्वंद असा संसार मांडला. पावसात सगळं माजलं. ऑक्टोबर अर्धा सरला आणि दुधीच्या पानांवर कुणीतरी वस्त्रगाळ पीठ भुरभुरवल्यासारखे पांढरे ठिपके उमटले. आठवड्याभरात ते एकमेकांत मिसळले.

शेजाऱ्यांनी कारखान्यांच्या राखेवर बोट ठेवलं. आई म्हणाली, दृष्ट लागली. मला मात्र ‘बुरशी’ एवढा एकच शब्द ठाऊक होता, आणि बुरशी म्हणजे ओल. म्हणून मी पाणी कमी केलं आणि मोरचुदाचं बोर्डो मिश्रण फवारलं. कॅलेंडरवर तीन रविवार ‘निळं मारलं’ असं लिहिलंय. दुधी डिसेंबरात गेला.

त्या निळ्या औषधाची गोष्ट मी नंतर वाचली. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. हेतू इतकाच की वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत. 1882 मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की नेमक्या याच वेली केवडा म्हणजे डाऊनी या रोगातून वाचल्या आहेत. 1885 मध्ये त्यांनी मिश्रणाची कृती प्रसिद्ध केली. भुरीचा, म्हणजे माझ्या दुधीवरच्या त्या पांढऱ्या रोगाचा, उतारा त्याही आधीचा. 1845 च्या सुमारास इंग्लंडमध्ये टकर नावाच्या माळ्याला काचघरातल्या द्राक्षांवर ती दिसली आणि त्याने गंधक वापरलं. म्हणजे दोन रोग, दोन औषधं. नाशिकचा द्राक्ष बागायतदार भुरी आणि डाऊनी यांची कधी गल्लत करत नाही. करून त्याला परवडणार नाही. मी मात्र भुरीवर केवड्याचं औषध मारत बसलो होतो.

एवढं कळल्यावर मी शहाणा झालो असं मला वाटलं. 2021 चं कॅलेंडर वेगळं सांगतं. 17 मे ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेलं, कोवळी पानं फाटली, पण नव्या काकडीने जुलैत पुन्हा जोर धरला. मग पानांवर पिवळे, शिरांनी आखल्यासारखे चौकोनी डाग आले. मी लगेच पाण्यात विरघळणारं गंधक आणलं, लिटरला दोन ग्रॅमच्या हिशेबाने फवारलं. डाग थांबले नाहीत, वर पानांच्या कडा करपल्या. काकडीवर्गाला गंधक सोसत नाही, आणि उन्हाचा पारा चढलेला असेल तर इतरही झाडं भाजतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं; मीही विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास केळव्याहून एक ओळखीचे काका घरी आले. त्यांची पिढीजात पानवेलीची वाडी. चहा होईपर्यंत ते गॅलरीत उभे राहिले, काकडीचं पान उलटं केलं आणि म्हणाले, “अहो, रोग पानाच्या पाठीवर वाचायचा असतो. तुम्ही नुसतं तोंड बघून औषध देता.” पानाच्या मागे राखाडी-जांभळट लव होती. तो केवडा. त्याला पानावर पाणी लागतं, म्हणून तो पावसाबरोबर येतो. भुरीचं उलटं आहे. तिला दमट हवा चालते, पण थेट पाऊस नको. जोरदार सर तिचे बीजाणू धुऊन नेते. म्हणून ती पाऊस सरल्यावर, दिवसा कोरडं आणि रात्री गार-दमट असताना फोफावते. आमच्याकडे हे दिवस ऑक्टोबर ते फेब्रुवारी. कोकणात आंब्याच्या मोहोरावर भुरी येते तीही याच मोसमात. पहिल्या वर्षी पाणी तोडून मी बुरशीला नाही, दुधीलाच उपाशी ठेवलं होतं.

2022 हे माझं ताक-दुधाचं वर्ष. ब्राझीलमधल्या वाग्नर बेत्तियोल या संशोधकाने 1999 मध्ये दाखवून दिलं होतं की पाण्यात मिसळलेलं ताजं दूध काचघरातल्या झुकिनीची भुरी आटोक्यात ठेवतं. आपल्याकडे आंबट ताक फवारण्याची रीत आहेच. एक भाग दूध, नऊ भाग पाणी, आठवड्यातून एकदा, सकाळच्या उन्हात. ठिपके दिसू लागताच सुरू केलं तर दुधी तगला. पान पांढरंफटक पडल्यावर मात्र दूध मुंग्यांच्या कामी आलं.

मिरचीने माझी तिथेही फजिती केली. तिच्या पानावर वरून पिवळे डाग आणि खाली पांढरी भुकटी. दुधीची भुरी पानावर पसरते, मिरचीवरची पानाच्या आत शिरून वाढते आणि फक्त बीजाणू बाहेर काढते. वरून दुधाने कितीही न्हाऊ घातलं तरी ती आतच. तेव्हापासून मिरचीचं डागाळलेलं पान दिसलं की खुडतो, पिशवीत बांधून फेकतो.

2023 च्या पानांवर फवारणीच्या नोंदी थोड्या आहेत. जास्वंदीच्या शेंड्यावरचा पांढरा कापूस मी त्या वर्षी आधी बोटाने चिरडून पाहिला. तो चिकट निघाला. मिलीबग. साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरला. दुसरीकडे, गुलाबाच्या पानांवरचे पांढरे वाळके ओघळ बोअरच्या जड पाण्याचे होते. ओल्या फडक्याने गेले. त्याच वर्षीच्या दिवाळीत कुंड्या एकमेकींपासून वीतभर दूर केल्या, दुधीची खालची म्हातारी पानं काढली, त्याची कुंडी पूर्वेच्या कठड्याशी नेली. दाट सावलीत आणि कोंदट जागी भुरी लवकर माजते. उन्हात, मोकळ्या हवेत ती मंदावते.

आणि 2024. नोव्हेंबरच्या एका चौकटीत फक्त ‘पिवळा आला’ असं लिहिलंय. दुधीच्या पानावर मसुराएवढा पिवळाधमक ढालकिडा फिरत होता. डोक्यामागच्या पांढऱ्या पट्टीवर दोन काळे ठिपके. पूर्वीच्या हिवाळ्यांतही तो मी पाहिला होता आणि पान खाणारी कीड समजून त्यावर कडुनिंबाचं तेल मारलं होतं. त्याचं नाव इलेइस सिंक्टा. तो पान खात नाही, भुरी खातो. त्याच्या अळ्याही तेच खातात. तो सगळी भुरी संपवेल असं नाही, पण ज्याला मी मारत होतो तो माझंच काम करत होता.

या हिवाळ्यात फवारणीचा डबा दोनदाच हातात घेतला. ढालकिडा ज्या पानावर दिसला ते पान मात्र सोडून दिलं. आईने विचारलं, “त्याच्यावर का नाही मारलंस?” मी पान उलटं करून तिला दाखवलं. खाली त्याच्या पिवळ्या अळ्या चरत होत्या, आणि त्या गेल्या होत्या तिथे पान हिरवं झालं होतं.