स्टेकहाऊस कुणी उभं केलं?

न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनवर उतरलं की ३६व्या रस्त्यावरचं 'कीन्स' हे स्टेकहाऊस पायी दहा मिनिटांच्या आत येतं. एडिसनसारख्या न्यू जर्सीतल्या गावांतून रोज याच स्टेशनावर उतरून मॅनहॅटनमध्ये नोकरीला जाणारी मराठी माणसं पुष्कळ आहेत, आणि कंपनीच्या जेवणाच्या निमित्तानं त्यांतल्या काहींचा स्टेकहाऊसशी कधी ना कधी संबंध येतो. कीन्स १८८५पासून चालू आहे. आत शिरलं की पहिल्यांदा मान वर जाते. बुटक्या छताला लांब दांड्याचे मातीचे पाइप एकाला एक लागून टांगलेले आहेत, हजारोंनी. असा पाइप खिशात किंवा प्रवासात मोडायचा, म्हणून गिऱ्हाईक तो इथंच ठेवायचं आणि जेवण झालं की मागून घ्यायचं. थिओडोर रूझवेल्ट, बेब रूथ, आइनस्टाइन या मंडळींचे पाइप इथं आहेत. काळपट लाकडाच्या भिंती, त्यांवर नाटकांच्या जुन्या जाहिराती, मंद पिवळा उजेड. आजूबाजूला तेव्हा नाटकगृहं होती आणि नट मंडळी थेट रंगमंचावरून इथं येत.

हे वातावरण पुरुषांनी पुरुषांसाठी बांधलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. अमेरिकी स्टेकहाऊसचा इतिहास म्हणजे सिगार, दारू, दलाल आणि राजकारणी, असंच चित्र वर्षानुवर्षं रंगवलं गेलं. मला ते अर्धं वाटतं. स्टेकहाऊसचा दर्जा ज्यांनी राखला, ज्यांनी त्याची दारं उघडली, त्यांत बायका जागोजागी दिसतात आणि त्यांचं श्रेय त्यांना नीट मिळालेलं नाही.

सुरुवात मात्र पुरुषांचीच होती, हे खरं. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कमध्ये 'बीफस्टेक' नावाची मेजवानी चाले. तळघरात खोक्यांवर बसायचं, अंगावर पांढरा एप्रन चढवायचा, पावाच्या तुकड्यावर ठेवलेले लोण्यात भिजलेले मांसाचे काप हातानं खायचे, बियर प्यायची आणि हात एप्रनलाच पुसायचे. काटे नाहीत, सुऱ्या नाहीत, बायका तर नाहीतच. मतं गोळा करणारे राजकीय पक्ष या मेजवान्या भरवत. जोसेफ मिचेल यांनी १९३९ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये यावर एक अप्रतिम लेख लिहिला. १९२०मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला, पक्षांना त्यांना बोलावणं भाग पडलं आणि त्यांच्यामागून सॅलड, कॉकटेल आणि बँडही आले, असं ते सांगतात. बायकांनी मेजवानी बिघडवली, असा त्यांचा सूर आहे. मिचेल माझे आवडते लेखक आहेत, पण इथं मला त्यांचं पटत नाही. मताचा हक्क आल्याबरोबर जेवणाच्या पंगतीत जागा मिळाली, ही केवढी मोठी गोष्ट आहे! (ही मेजवानी अजून जिवंत आहे. उत्तर न्यू जर्सीतली चर्चेस आणि अग्निशमन दलं निधी गोळा करायला ती आजही भरवतात, आणि बायका-पोरं सगळी येतात.)

कीन्समध्ये आधी बायकांना प्रवेश नव्हता. तिथं परंपरेनं सांगतात ती हकिगत अशी. इंग्लंडची प्रसिद्ध नटी लिली लँगट्री हिला दारातून परत पाठवलं. १९०५मध्ये तिनं कोर्टात दाद मागितली, खटला जिंकला आणि थाटात येऊन मटण चॉप मागवला. सगळ्या शहरासाठी मात्र हा प्रश्न सुटायला फार काळ लागला. सार्वजनिक खाण्यापिण्याच्या जागी बायकांना मज्जाव करायचा नाही, असा न्यूयॉर्क शहराचा कायदा १९७०मध्ये झाला.

५२व्या रस्त्यावरचं 'गॅलगर्स' १९२७ साली दारूबंदीच्या दिवसांत चोरट्या गुत्त्याच्या रूपात सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक हेलन गॅलगर, पूर्वाश्रमीची ब्रॉडवेवरच्या झिगफेल्ड यांच्या नाचगाण्यांच्या खेळांतली नर्तकी. या जागेची खूण म्हणजे रस्त्याकडच्या काचेमागची थंड खोली. तिथं मांसाचे मोठमोठे तुकडे मांडून मुरत ठेवलेले असतात आणि येणारा-जाणारा ते बघत असतो. स्टेकहाऊसचं सगळं म्हणणं त्या काचेत आहे. इथं मसाला नाही, रस्सा नाही, वाटण नाही. मीठ, जाळ आणि थोडं लोणी. मांस जसं असेल तसंच ताटात येणार, त्यामुळे झाकायला जागाच राहत नाही.

म्हणूनच सगळा भार खरेदीवर पडतो. आणि खरेदीची गोष्ट निघाली की ब्रुकलिनला जावं लागतं.

विल्यम्सबर्ग पुलाच्या पायथ्याशी 'पीटर लूगर' आहे, १८८७पासूनचं. तेव्हा ते जर्मन वस्तीतलं कॅफे होतं, सोबत बिलियर्ड आणि बोलिंग. अजूनही टेबलांवर कापड नसतं, उघडं लाकूड असतं. मालक पीटर लूगर १९४१मध्ये गेले आणि जागेला उतरती कळा लागली. समोरच सोल फोरमन यांचा धातूच्या वस्तूंचा कारखाना होता. ते आपल्या गिऱ्हाइकांना रोज इथंच जेवायला आणत. १९५०मध्ये जागा लिलावात निघाली आणि त्यांनी ती घेतली. पण फोरमन यांना मांसातलं काही कळत नव्हतं. ते शिकायचं काम त्यांच्या पत्नी मार्शा यांनी अंगावर घेतलं. सरकारी प्रतवारी खात्यातल्या एका निवृत्त माणसाला धरून, शहरातल्या घाऊक मांसबाजारात हिंडून त्या शिकल्या. पन्नासचं दशक, पहाटेची वेळ, थंडगार गोदामं, आणि सगळे पुरुष व्यापारी. तिथं ही बाई एकेक तुकडा बघून 'हा नको, तो द्या' म्हणत असे, आणि पसंत पडेल त्यावर आपला शिक्का मारत असे. पुढं हे काम त्यांच्या मुलींकडे आणि मग नातीकडे गेलं.

काय बघायचं असतं? अमेरिकेत गोमांसाची सरकारी प्रतवारी १९२७मध्ये सुरू झाली आणि तिची सर्वात वरची पायरी 'प्राइम'. पण प्राइमचा शिक्का असलेल्या दोन तुकड्यांतही फार फरक असतो. कापलेल्या बाजूवर चरबीचं जाळं बारीक आणि सगळीकडे सारखं पसरलेलं हवं; जाड गाठी उपयोगाच्या नाहीत. मांसाचा रंग फिका लालसर हवा, गडद नको. कण्याचं हाड लाल आणि सच्छिद्र असेल तर जनावर कोवळं, पांढरं आणि टणक झालं असेल तर वयस्क.

मग येतं मुरवणं. गोठणबिंदूच्या जरा वर, वारा खेळता ठेवून, आठवडेच्या आठवडे. मांसातलीच विकरं स्नायूंचे तंतू सैल करतात, पाणी उडतं, चव दाट होते. वरचा थर वाळून काळा पडतो, तो कापून टाकावा लागतो. वजन घटतं ते वेगळंच. साठच्या दशकानंतर प्लास्टिकच्या हवाबंद पिशव्या आल्या आणि बहुतेकांनी हा खर्च सोडून दिला. आपल्याकडे तर मुळात मांसच वेगळं: महाराष्ट्रात २०१५पासून गोवंश हत्येला पूर्ण बंदी आहे, त्यामुळे इथला स्थानिक स्टेक म्हशी-रेड्याचा असतो. त्यात चरबीचं जाळं फारसं नसतं, म्हणून त्यावर मिरीचा किंवा मशरूमचा सॉस आलाच.

लूगरमध्ये दोघांसाठीचा पोर्टरहाऊस मागवला की वेटर तापलेलं ताट घेऊन येतो. मधे हाड, एका बाजूला घट्ट मांस, दुसऱ्या बाजूला लुसलुशीत, सगळं आधीच कापलेलं. टेबलावर तो एक बशी पालथी घालतो आणि ताटाची एक कड तिच्यावर टेकवतो. ताट कलतं, वितळलेलं लोणी आणि चरबी खालच्या कडेला जमा होते. तिथून चमच्यानं भरून तो कापांवर ओततो, मग प्रत्येकाच्या ताटात वाढतो. या वाढण्यात लगबग नसते आणि भाषणही नसतं.

न्यूयॉर्कबाहेरचं एक नाव घेतल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये रूथ फर्टेल नावाची बाई वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. घटस्फोटित, पदरी दोन मुलगे. १९६५ साली वर्तमानपत्रातली जाहिरात बघून तिनं घर गहाण टाकलं आणि 'क्रिस स्टेक हाऊस' विकत घेतलं. अंगानं लहानखुरी, पण मांस कापायला स्वतः शिकली. त्याच वर्षी बेट्सी चक्रीवादळात शहराची वीज गेली, तेव्हा साठवणीतलं मांस भाजून तिनं वादळग्रस्तांना वाटलं. एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या बायकांना तिनं वेटर म्हणून ठेवलं, आणि शहरातल्या बड्या उपाहारगृहांत पुरुषच वाढत असताना तिच्याकडे बायका वाढू लागल्या. १९७६मध्ये आग लागून जागा जळाली. करारामुळे जुनं नाव दुसऱ्या जागी वापरता येईना, म्हणून तिनं त्याला आपलं नाव जोडलं. 'रूथ्स क्रिस' हे विचित्र नाव त्यातून आलं आणि पुढं देशभर पसरलं.

२०१९मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'चे उपाहारगृह-समीक्षक पीट वेल्स यांनी लूगरला एकही तारा दिला नाही, आणि २०२२मध्ये उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशलिन मार्गदर्शिकेनंही आपला तारा काढून घेतला. भट्टीवर चूक होते, वाढणारे तुसडे वागतात, या तक्रारी खऱ्या असतील आणि मालकांनी त्या ऐकायलाच हव्यात. पण हे घर पुन्हा उभं राहिलं ते खरेदीवर, आणि त्या खरेदीचं नाव घेताना आजही पहिल्यांदा सोल फोरमन यांचं घेतलं जातं. मोठ्या मांस कंपन्यांत आता प्रतवारीला कॅमेरे बसले आहेत. कॅमेरा कापलेल्या बाजूवरची चरबी मोजतो. फोरमन घराण्यानं मात्र, मार्शा यांनी घालून दिल्याप्रमाणे, आपला तुकडा आपण बघून, हाडाचा रंग पारखून घ्यायची रीत पुढच्या पिढ्यांतही चालू ठेवली.