वनस्पतींनाही लागते स्टिरॉइड!

स्टिरॉइड म्हटले, की उत्तेजक चाचणीत सापडलेले खेळाडू किंवा दम्यावरची औषधे आठवतात. मात्र शेतातला भात असो वा मांडवावरची द्राक्षवेल, स्टिरॉइडशिवाय त्यांचीही वाढ नीट होत नाही. वनस्पती स्वतःच तयार करीत असलेल्या या संप्रेरकांना 'ब्रासिनोस्टिरॉइड' म्हणतात.

अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांना १९७० मध्ये मोहरीच्या कुळातील 'रेप' या पिकाच्या परागकणांत खोडाची लांबी झपाट्याने वाढविणारा घटक आढळला. मधमाश्यांनी गोळा केलेल्या सुमारे २२७ किलो परागांतून १९७९ मध्ये जेमतेम ४ मिलिग्रॅम शुद्ध 'ब्रासिनोलाइड' हाती आले. तरीही ते वनस्पतीचे खरेखुरे संप्रेरक आहे काय, ही शंका उरलीच. ती १९९६ मध्ये फिटली. जनुकीय दोषामुळे स्टिरॉइड बनवू न शकणारी 'ॲराबिडॉप्सिस'ची रोपे खुजी राहत होती; बाहेरून ब्रासिनोलाइड देताच ती वाढू लागली.

संदेश पोचतो कसा?

प्राण्यांत स्टिरॉइड सहसा पेशीच्या आत शिरून आपले काम करते. वनस्पतींत मात्र ते पेशीच्या दारातच थांबते. तेथील 'बीआरआय-१' हे प्रथिन त्याला ओळखते आणि जोडीदार प्रथिनाच्या मदतीने निरोप आत धाडते. एरवी 'बिन-२' नावाचे विकर वाढीची जनुके चालविणाऱ्या प्रथिनांना फॉस्फेट चिकटवून निष्प्रभ करीत असते. निरोप मिळताच हे विकर थंडावते, प्रथिनांवरील फॉस्फेट निघतात आणि ती केंद्रकात जाऊन कामाला लागतात. पेशीभित्तिका सैल होते व पेशी लांबते.

कमी तेही हिताचे

या ज्ञानाचा शेतीशी थेट संबंध आहे. पूर्व आशियातील बुटक्या 'उझू' बार्लीचे रहस्य बीआरआय-१च्या जनुकातील एका बदलात आहे. बुटके पीक वाऱ्याने सहसा लोळत नाही. जपानी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवून दिले, की स्टिरॉइड कमी बनविणाऱ्या भाताची पाने ताठ उभी राहतात. त्यामुळे दाट लागवड केली असता जादा खताविना उत्पादन वाढते.

आपल्याकडील द्राक्ष बागायतदार मण्यांच्या फुगवणीसाठी याच गटातील 'होमोब्रासिनोलाइड' फवारतात. तेथेही मात्रेचे भान हवेच. हे संप्रेरक अत्यल्प प्रमाणात काम करते आणि प्रमाण वाढले, की मुळांची वाढ खुंटवू शकते. अधिक स्टिरॉइड म्हणजे अधिक पीक, हे समीकरण म्हणूनच फसवे आहे.