हत्ती गेला, शेपूट राहिले

अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहून आलेले आजी-आजोबा तिथल्या बागांचे भरभरून वर्णन करतात. हिरवळ, तळी, बदके, बाकावर बसून खाल्लेले भाजलेले शेंगदाणे, सगळे येते. पण तिथल्या पुष्कळ बागांत झाडाझुडपांच्या मधे एक चमत्कारिक वस्तू उभी असते, तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. जमिनीत रोवलेला लोखंडी खांब, त्याला साधारण कमरेच्या उंचीवर बसवलेली जाळीची गोल टोपली आणि टोपलीच्या वर चारही बाजूंनी लोंबणाऱ्या साखळ्या. पक्ष्यांना दाणे घालण्याची सोय असावी असे प्रथमदर्शनी वाटते. मग चार-पाच माणसे येतात. त्यांत शाळकरी मुलगा असतो, तशी पासष्टीची बाईही असते. ती पिशवीतून प्लास्टिकच्या चकत्या काढतात, नेम धरतात आणि फेकतात. साखळ्या खणखणतात, चकती टोपलीत पडते आणि मंडळी पुढच्या टोपलीकडे निघतात. हा खेळ म्हणजे डिस्क गोल्फ.

नियम गोल्फचेच, फक्त चेंडूऐवजी चकती आणि जमिनीतल्या भोकाऐवजी टोपली. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची, चकती जिथे पडेल तिथून दुसरी, असे करत कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. पुष्कळ मैदानांवर अशा १८ टोपल्या असतात. बहुसंख्य मैदाने सार्वजनिक बागांत आहेत आणि तिथे खेळायला पैसे पडत नाहीत. आज जगभरात दहा हजारांहून अधिक मैदाने आहेत. फिनलंड आणि एस्टोनियासारख्या छोट्या देशांतही या खेळाने चांगलेच मूळ धरले आहे.

या खेळाचे श्रेय मुख्यतः एड हेड्रिक या गृहस्थांना जाते. मित्रमंडळी त्यांना ‘स्टेडी एड’ म्हणत. फ्रिस्बी बनवणाऱ्या व्हॅम-ओ कंपनीत ते नोकरीला होते आणि हवेत स्थिर राहील अशी सुधारलेली फ्रिस्बी त्यांनीच घडवली. १९७५ साली लॉस एंजेलिसजवळच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी पहिले कायमचे मैदान आखले. तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. साहजिकच चकती खांबाला लागली की नुसती घासून गेली, यावर वाद होत. आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ‘लागला’ आणि ‘नाही लागला’ यावर जे होते, तेच तिथेही. त्यावर हेड्रिक यांनी तोड काढली ती साखळ्यांची टोपली. १९७७ साली तिचे पेटंट त्यांना मिळाले. २००२ मध्ये ते निवर्तले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून चकत्या तयार करण्यात आल्या!

शंभर मीटर आणि तीन मीटर

नवखा माणूस या खेळात आला की त्याला एकच वेड लागते, चकती लांब फेकण्याचे. धावत यायचे, कंबर फिरवायची आणि चकती झाडांवरून भिरकवायची, यातला आनंद मोठाच आहे. पण गुणफलक निर्दय असतो. शंभर मीटरची डौलदार फेक तो एक म्हणून मोजतो आणि टोपलीपुढे उभे राहून केलेली तीन मीटरची फेकही एकच मोजतो. लांबवर फेकून कमावलेले सारे जवळच्या चुकीत घालवता येते. कॅरममध्ये राणी घेऊन कव्हर हुकलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

टोपलीपासून १० मीटरच्या आतून केलेल्या फेकीला ‘पट’ म्हणतात. इथे नियमही वेगळा आहे. चकती सुटल्यानंतर तोल पूर्ण सावरलेला दिसला पाहिजे, त्याआधी पुढे पाऊल टाकता येत नाही. म्हणजे या दहा मीटरांत धावपळीला, अंग झोकून देण्याला जागाच नाही. ताकदवान तरुण आणि त्याची मावशी इथे एका पातळीवर येतात. किंबहुना शांत स्वभावाची मावशी पुढेही जाते.

२०२१ च्या जागतिक स्पर्धेत, अमेरिकेतील युटा राज्यातल्या ऑग्डेन येथे, जेम्स कॉनरॅड हा खेळाडू शेवटच्या टोपलीवर पॉल मॅकबेथच्या एका फेकीने मागे होता. त्याने सुमारे ७५ मीटरवरून फेकलेली चकती थेट साखळ्यांत गेली. बरोबरी झाली आणि पुढच्या निर्णायक लढतीत तो जगज्जेता ठरला. ती फेक लोक अजून पुन्हा पुन्हा पाहतात. पण अशी फेक एखाद्यालाच, तीही आयुष्यात एकदा लाभते. साधा पट मात्र एका फेरीत अठरा वेळा समोर येऊन उभा राहतो.

चुकते कुठे?

जवळचा पट हुकतो तो बहुधा हात कमजोर असतो म्हणून नव्हे, तर मन कचरते म्हणून. खेळाडूच्या डोक्यात येते, ‘जोरात गेली आणि मागे निघून गेली तर?’ मग हात अर्ध्यावर थबकतो. चकती आखूड पडते आणि टोपलीच्या पुढच्या कडेवर आपटते. आखूड पडलेल्या चकतीला साखळ्या गाठण्याची संधीच नसते, हे लक्षात ठेवले पाहिजे. थोडी जोरात गेलेली चकती साखळ्या निदान अडवू तरी शकतात.

ही भीती नवख्यांपुरती नाही. मूळ गोल्फमध्ये तिला ‘यिप्स’ असे नावच आहे. जर्मनीचे बर्नहार्ड लँगर यांनी १९८५ आणि १९९३ साली मानाची मास्टर्स स्पर्धा जिंकली. पण याच माणसाला कारकिर्दीत अनेकदा छोट्या पटच्या वेळी हाताच्या झटक्यांनी सतावले. त्यांनी पकड बदलली, काठी बदलली, पण खेळ सोडला नाही. एवढ्या मोठ्या खेळाडूचा हात थरथरतो, तर आपला थरथरला म्हणून लाजण्याचे कारण नाही. हाताला काहीतरी पक्के काम नेमून द्यावे, म्हणजे तो मनाचे ऐकत बसत नाही.

ते पक्के काम कोणते?

आधी पायांकडे पाहू. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजवा पाय पुढे, डावा मागे ठेवावा आणि भार थोडा मागच्या पायावर घ्यावा. दुसरी पद्धत म्हणजे टोपलीकडे तोंड करून दोन्ही पाय फाकवून उभे राहणे. झाडाच्या आडून फेकताना ती उपयोगी पडते. कोणतीही एक निवडा, पण रोज बदलू नका.

आता पकड. अंगठा चकतीवर, बोटे खालून पसरलेली. मूठ आवळायची नाही. पोळी तव्यावर टाकताना आपण ती जेवढी धरतो, तेवढीच धरायची. चकती बेंबीच्या समोर आणावी आणि तिची पुढची कड वर उचललेली नाही ना, हे पाहावे. कड वर झाली की चकती हवेत फुगते आणि टोपलीच्या अलीकडेच बसते.

मग फेक. मागच्या पायावरचा भार पुढच्या पायावर येतो, हात कमरेपासून सरळ लक्ष्याच्या दिशेने जातो आणि शेवटी बोटे उघडतात. फेक संपताना हात असा पुढे राहिला पाहिजे, की समोरच्या पाहुण्याशी हस्तांदोलन करायला निघालो आहोत. चकती साखळ्यांना लागेपर्यंत हात खाली घेऊ नका. एवढी एक सवय लागली तरी आखूड पडणाऱ्या निम्म्या तक्रारी मिटतील.

फेकीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात मनगटाने भरपूर फिरकी द्यायची, म्हणजे चकती सपाट आणि वेगाने जाते. दुसऱ्यात मनगट जवळजवळ स्थिर ठेवून पायांच्या जोराने चकती अलगद वर ढकलायची, म्हणजे ती टोपलीत वरून उतरते. पहिला प्रकार लांबून चांगला, पण हुकला तर चकती दूर जाते. दुसऱ्यात हुकलेली चकती जवळच पडते, मात्र वाऱ्यात तो दगा देतो.

वाऱ्याचे गणित सोपे आहे. समोरून वारा असेल तर चकती उचलली जाते, म्हणून नेम जरा खाली. मागून वारा असेल तर ती दबते, म्हणून नेम जरा वर. आणि नेम कधीही अख्ख्या टोपलीवर धरू नये. साखळीची एकच कडी निवडावी. उजव्या हाताच्या माणसाची चकती शेवटी डावीकडे झुकते, म्हणून ती कडी खांबाच्या किंचित उजवीकडची असावी.

सरावाची वही

यापुढचे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच फार थोडे लोक ते करतात. तीन मीटरवर उभे राहून दहा चकत्या फेका. नऊ टोपलीत जाईपर्यंत मागे सरकू नका. मग एक पाऊल मागे. पुन्हा दहा. किती गेल्या ते वहीत लिहा. प्रत्येक फेकीआधी तेच आणि तेवढेच करा: एक श्वास, कडीवर नजर, हात पुढे. सामन्यात भीती आली तरी हात याच ओळखीच्या वाटेने जातो. सरावाने नेम सुधारतो, त्याहून महत्त्वाचे म्हणजे तीन मीटरची भीती जाते. ती गेली की लांबची फेकही निर्धास्तपणे करता येते, कारण टोपलीच्या मागे गेलेली चकती परत आणता येईल ही खात्री असते.

आपल्या घराजवळ अशी टोपली नसली म्हणून बिघडत नाही. खुर्चीवर धुण्याची प्लास्टिकची टोपली ठेवा आणि तिच्यामागे दोरीवर जुनी चादर सैल टांगा. साखळ्यांचे काम चादर करते. चौपाटीवर मिळणारी हलकी चकती वाऱ्याने भरकटते. खरी पटची चकती पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास असते, पण सुरुवातीला घरात हलकीही चालेल. शाळेत टेनिकॉइटची रिंग खेळलेल्यांना हात सोडण्याची ती लय लवकर सापडेल. सोसायटीच्या आवारात खेळणार असाल तर तळमजल्याच्या काचा आणि कुंड्या तेवढ्या सांभाळा.

मुलांना या खेळातून काय मिळेल, असे पालक विचारतील. मोठ्या कामाला हात घालायला आपली मुले कचरत नाहीत. हत्ती ती सहज नेतात, शेपूट मात्र अडकते. शेवटचा पाठ राहतो, उत्तरपत्रिका पुन्हा तपासायची राहते, शेवटची ओळ घाईत लिहिली जाते. जवळ आलेले काम झालेच असे मानण्याची सवय मोठ्यांनाही असते. तीन मीटरवरची टोपली ही सवय दर वेळी उघडी पाडते आणि कोणालाही न रागावता पाडते. चकती उचलायची, पुन्हा उभे राहायचे आणि दहापैकी किती गेल्या ते खरेखरे लिहायचे. पहिल्या रविवारी आकडा चार असेल, तर चारच लिहावा.