गिरडचे गोटे, उमरेडकडचं जस्त : दगडात लिहिलेली गरम पाण्याची गोष्ट

समुद्रपूर : गिरडच्या टेकडीवर गोल-गोल गोटे विखुरलेले दिसतात. शेख फरीद बाबांची थट्टा करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांच्या मालाचे हे दगड झाले, अशी आख्यायिका आहे. भूगर्भशास्त्र त्याला झिओलाइट म्हणतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजला, त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि खडकातून फिरणाऱ्या गरम पाण्यानं त्या भरून काढल्या.

गरम पाण्याचं याहून मोठं काम शेजारी झालं आहे. नागपूर जिल्ह्यात उमरेड-भिवापूरच्या पट्ट्यात कोलारीकडे जस्त आणि पुल्लर-परसोडीकडे तांबं असल्याची नोंद आहे. वर्धा नदी जिथून निघते त्या मुलताईच्या बैतूल जिल्ह्यातही जस्ताचे साठे सापडले. हे खडक शंभर कोटी वर्षांपेक्षा जुने.

असे साठे बनतात समुद्राच्या तळाशी. खारं पाणी भेगांतून खाली मुरतं, तापतं, खडकातलं तांबं-जस्त विरघळवून वर येतं. तळाच्या थंड पाण्याला भिडलं की धातू गंधकासोबत तिथंच साचतात. 1979 साली प्रशांत महासागरात शास्त्रज्ञांनी असे काळा धूर ओकणारे झरे प्रत्यक्ष पाहिले. पाणी साडेतीनशे अंशांच्या आसपास, पण वरच्या दाबामुळे उकळत नाही.

जाताजाता हे पाणी आजूबाजूच्या खडकाचीही पार दशा करतं. त्यातला सोडा आणि चुना धुवून नेतं, मॅग्नेशियम, लोह, पोटॅश देऊन जातं. खडक मऊ, हिरवट होतो. हा बिघडलेला भाग खुद्द धातूच्या साठ्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. शोधणाऱ्याच्या कामाचा तोच.

पुढे जमिनीच्या हालचालीत हे सगळं खोल गाडलं जातं आणि पाच-सहाशे अंशांना भाजून निघतं. वितळत नाही, घट्ट राहूनच रूप बदलतं. वीटभट्टीसारखंच समजा. माती कालवताना जे पडलं तेच विटेत उतरतं, भट्टी नवीन काही घालत नाही. तो मऊ हिरवट खडक भाजला की त्यात गार्नेट, कॉर्डिएराइट, अँथोफिलाइट असे खनिज येतात. साध्या लाव्ह्याच्या खडकात हे एकत्र सहसा येत नाहीत, कारण चुना-सोडा आधीच गेलेला नसतो. म्हणून हा जोड दिसला की भूवैज्ञानिक थबकतो.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे गाहनाइट, जस्त आणि ॲल्युमिनियमचं गर्द हिरवं खनिज. बैतूलच्या पट्ट्यात ते आहे. ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलच्या साठ्याभोवतीही आहे. (तो साठा 1883 साली मेंढ्यांच्या कुरणाचं कुंपण सांभाळणाऱ्या एका गड्याला दिसला, त्याला वाटलं कथील आहे.) गाहनाइट इतकं कडक की ऊनपावसात सडत नाही, नाल्याच्या रेतीत तसंच राहतं. रेती धुऊन पाहत वर-वर गेलं की मूळ जागा गवसू शकते. पण ज्या शेतात हा दगड असेल तिथं झिंक सल्फेट टाकायची गरज नाही, असं कुणी समजू नये. ते विरघळतच नाही, पिकाला काय मिळणार?

मग आपल्याकडे खाण निघेल काय? वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग लाव्ह्याच्या काळ्या पाषाणानं झाकलेला आहे, जुना खडक त्याच्या खाली. त्यामुळे विहिरीत चकाकणारा पिवळा दगड लागला म्हणून कुणी सोनं सांगून पैसे मागितले तर देऊ नका. चकाकी नसलेल्या खरखरीत पांढऱ्या टाइलवर, म्हणजे टाइलच्या मागच्या बाजूवर, तो घासून पाहा. सोन्याची रेघ पिवळी उमटते, लोह-गंधकाच्या दगडाची काळपट. सोनं हातोडीनं चपटं होतं, हा दगड फुटतो. दगड खरंच वेगळा वाटला तर कुठं मिळाला ते लिहून ठेवा आणि नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या किंवा राज्याच्या भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाच्या कार्यालयात दाखवा.