तुसाची राख : जांभ्या जमिनीतील भाताचे कवच

कोकणातील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भाताच्या रोपांसाठी राब भाजीत आला आहे. पालापाचोळा, कवळ, गवत आणि शेण यांचे थर उन्हाळ्यात रोपांच्या जागेवर पसरून पेटवावयाचे आणि पावसाच्या तोंडी त्या राखेत बी टाकावयाचे, अशी ही रीत आहे. राबामुळे तणाचा नाश होतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु राखेतून रोपाला आणखी एक द्रव्य मिळते, त्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ते द्रव्य म्हणजे सिलिकॉन. जमिनीतील अपायकारक धातूंशी झगडताना पिकाला त्याचे मोठे साहाय्य होते.

पावसाने काय नेले, काय ठेवले

भूकवचात ऑक्सिजनच्या खालोखाल सिलिकॉनचेच प्रमाण आहे. वाळूचा कण मुख्यतः त्याचाच बनलेला असतो. मग जमिनीत त्याची उणीव कशी भासावी? याचे उत्तर जांभ्या मातीच्या जन्मात आहे. हजारो वर्षे कोसळणाऱ्या पावसाने खडकातील विरघळणारा सिलिका धुऊन नेला आणि लोह व अॅल्युमिनियम मागे ठेवले. जांभ्याचा तांबडा रंग हा त्या लोहाचाच होय. वाळूतील सिलिका पाण्यात अतिशय सावकाश विरघळत असल्याने मुळांना तो लवकर मिळत नाही. त्यातच भात हे सिलिकॉनचे मोठे भोक्ते पीक आहे. त्याच्या वाळलेल्या पेंढ्यात दहा टक्क्यांपर्यंत सिलिका सापडतो. दरसाल पेंढा आणि तूस शेताबाहेर जातात, आणि त्यांच्याबरोबर हे धनही जाते.

लोहबाधा कशी ओळखावी

खाचरात पाणी साचून राहिले की मातीतील हवा संपते आणि न विरघळणारे लोह विरघळणाऱ्या रूपात येते. ते मुळांवाटे प्रमाणाबाहेर शिरले, की खालच्या पानांच्या शेंड्याकडून बारीक तपकिरी ठिपके पडू लागतात. पुढे सबंध पान तांबूस होते, फुटवे कमी येतात, मुळे आखूड व काळपट होतात. पुष्कळदा हा रोग समजून औषधावर पैसा खर्च केला जातो आणि पीक मात्र हातचे जाते. अशा वेळी एक चूड उपटून मुळे पाहावीत आणि खाचरातील पाण्याचा निचरा कसा आहे, हे तपासावे.

सिलिकॉन रक्षण कसे करतो

भाताच्या अंगात पानांपासून मुळांपर्यंत हवेच्या नलिका असतात. सिलिकॉन मिळाल्याने ही अंतर्गत रचना बळकट होते आणि मुळांना अधिक प्राणवायू पोहोचतो. त्या प्राणवायूने लोह मुळाच्या बाहेरच गंजते व तेथेच अडते. मुळांची ही शक्ती सिलिकॉनमुळे वाढते, असे जपानमधील ओकुडा आणि ताकाहाशी यांनी १९६० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत दाखवून दिले. मँगनीजची गोष्ट निराळी आहे. १९५७ साली विल्यम्स आणि व्लामिस यांना बार्लीत असे आढळले की, सिलिकॉनमुळे पानातील मँगनीज कमी न होता ते एका जागी न साठता सर्वत्र सारखे पसरते, म्हणून पान करपत नाही. अॅल्युमिनियमशी सिलिकॉनचा संयोग होऊन निरुपद्रवी संयुगे बनतात. कॅडमियमला तो बऱ्याच अंशी मुळांच्या पेशींच्या भिंतींतच रोखून धरतो.

आर्सेनिकचा मार्ग तर विलक्षण आहे. जियान फेंग मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली भाताच्या मुळांतील सिलिकॉनचे प्रवेशद्वार शोधून काढले. साचलेल्या पाण्यातील आर्सेनिकही त्याच दाराने आत शिरते, हे २००८ साली स्पष्ट झाले. दाराशी सिलिकॉनची गर्दी असेल तर आर्सेनिकला वाव कमी मिळतो. पश्चिम बंगालमधील ज्या भागांत विहिरींच्या पाण्यातून आर्सेनिक खाचरात येते, तेथे हा प्रश्न थेट ताटातील भाताचा आहे.

राख कशी वापरावी

डॉ. नारायण सावंत यांनी प्रचारात आणलेल्या चारसूत्री भात लागवडीचे पहिले सूत्र पीक अवशेषांच्या फेरवापराचे आहे. त्यानुसार रोपवाटिकेत दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची राख पेरणीपूर्वी मातीत मिसळावी. शंभर किलो भातापासून सुमारे वीस किलो तूस आणि त्या तुसापासून सुमारे चार किलो राख मिळते. म्हणजे एका गुंठ्याच्या रोपवाटिकेस लागणारी पन्नास किलो राख साडेबाराशे किलो भाताच्या तुसातून निघते. एवढे तूस भातगिरणीच्या आवारात सहज मिळू शकते.

राख काळसर करडी असावी. तूस मंद आचेवर जाळावे. प्रखर आगीत पांढरी झालेली राख सहजी विरघळत नाही. ताजा पेंढा मात्र साचलेल्या पाण्यात गाडू नये. तो कुजताना मातीतील हवा आणखी घटते आणि लोहबाधा बळावते.

मर्यादाही ध्यानात असू द्या

सिलिकॉन जमिनीतील धातू नाहीसे करीत नाही. तो फक्त पिकाची बाजू भक्कम करतो. आम्ल जमिनीस माती परीक्षणाप्रमाणे चुना द्यावा आणि खाचरातील पाण्याचा निचरा करावा. जेथे कारखान्याचे सांडपाणी शेतात येते, तेथे माती व पाणी तपासून घेऊन ते पाणी प्रथम थांबविले पाहिजे. आर्सेनिकग्रस्त भागातील तूस वा पेंढा पुन्हा शेतात घालू नये, कारण त्याबरोबर विषही परत येते.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी येत्या हंगामात एका शेतकऱ्याच्या रोपवाटिकेत दोन वाफे शेजारी शेजारी करावेत, एक राखेचा व एक बिनराखेचा. लावणीच्या दिवशी दोहोंतील रोपे उपटून त्यांची मुळे सर्वांना दाखवावीत. पावसाने जे नेले त्यातील थोडे परत देणे शेतकऱ्याच्या हाती आहे, आणि त्यासाठी रानातील एकही फांदी तोडावी लागत नाही.