रीड : मसलतीतून आलेलं वाचन

इंग्रजी शिकताना पहिल्याच वर्षी भेटणाऱ्या क्रियापदांत ‘रीड’ असतं. अर्थ सोपा : वाचणे. पण हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये वाचन हे या क्रियापदाच्या अनेक कामांपैकी फक्त एक काम होतं, आणि तेही मागाहून त्याच्या वाट्याला आलेलं. तेव्हा त्याचं रूप होतं ‘रॅडन’. सल्ला देणे, मसलत करणे, कारभार पाहणे, स्वप्नाचा अर्थ सांगणे, कोडं उकलणे, एवढं सगळं त्यात सामावलेलं होतं.

त्याची भावंडं आजही जुन्या अर्थाने नांदत आहेत. जर्मन भाषेत ‘राटन’ म्हणजे सल्ला देणे, आणि अंदाज बांधणेही. तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीला ‘राटहाउस’ म्हणतात, ते मसलतीचं घर म्हणूनच. नात्याची दोरी आणखी ताणली तर ती संस्कृतच्या ‘राध्’ धातूपर्यंत येते. आपल्या ‘आराधना’ आणि ‘अपराध’ या शब्दांत तोच धातू आहे. संस्कृतात परोक्ष भूतकाळ करताना धातूचं पहिलं अक्षर दोनदा येतं : ‘रराध’. जुन्या इंग्रजीत ‘रॅडन’चं एक भूतकाळी रूप होतं ‘रेओर्ड’, आणि त्यातही अशाच द्वित्वाची खूण उरली आहे. इंग्रजीत अशी रूपं अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी टिकली.

सल्ल्याचा अर्थ राजांच्या नावांतही बसला आहे. व्हायकिंगांना थोपवणारा राजा आल्फ्रेड (८४९–८९९) याच्या नावातला ‘रेड’ म्हणजे सल्ला. पूर्ण नावाचा अर्थ, यक्षांची मसलत लाभलेला. त्याच्याच वंशातला एथेलरेड ९७८ मध्ये गादीवर आला. त्याच्या नावाचा अर्थ ‘थोर सल्ला’. ९९१ मध्ये मॉल्डनच्या लढाईत इंग्रज हरले आणि त्याच वर्षी व्हायकिंगांना दहा हजार पौंड खंडणी मोजावी लागली. पुढे खंडणीचे आकडे वाढतच गेले. मागाहून लोकांनी राजाच्या नावाला ‘उन्रॅड’ हे विशेषण जोडलं : थोर सल्ल्याचा, पण सल्लाच नसलेला. ‘रॅड’ या शब्दाचा जुना अर्थ विसरला गेल्यावर त्याचंच ‘अनरेडी’ झालं, आणि हा राजा इतिहासात ‘तयारी नसलेला’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

मग हे क्रियापद पुस्तकापर्यंत पोचलं कसं? लॅटिनमध्ये आणि जर्मनमध्ये वाचण्यासाठी जे क्रियापद आहे, त्याचा मूळ अर्थ वेचणे, गोळा करणे. इंग्रजांनी वेगळी वाट धरली. लाकडावर, दगडावर, हाडावर कोरलेल्या रून लिपीच्या खुणा ओळखणारे थोडेच असत. त्या खुणांचा अर्थ लावणं म्हणजे कोडं सोडवणंच. म्हणून स्वप्न उकलण्याचं क्रियापदच अक्षरांनाही लागू पडलं. इंग्रजीतला कोड्याचा शब्द ‘रिडल’ याच घरातला. त्याचं जुनं रूप ‘रॅडेल्स’; शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा समजून लोकांनी तो पुढे गाळून टाकला.

जुन्या इंग्रजीतल्या कोड्यांचा मोठा साठा एक्सेटर कॅथीड्रलच्या ग्रंथालयातल्या दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात आहे. १०७२ मध्ये वारलेल्या बिशप लेओफ्रिकने ते कॅथीड्रलला दिलं. त्याच्या पहिल्या पानावर सुरीचे चरे आणि पेल्याचा गोल डाग आहे. शेवटची पानं जळून त्यांना भोकं पडली आहेत. त्यातल्या एका कोड्यात एक चोर अंधारात माणसाची वचनं गिळतो, पण गिळल्याने तसूभरही शहाणा होत नाही. उत्तर : पुस्तकाला लागलेली कसर. ज्या भाषेत वाचणं म्हणजे उकलणं, तिथे नुसतं गिळण्याला वाचन म्हणत नाहीत, हे त्या कवीने हजार वर्षांपूर्वी नेमकं पकडलं होतं.

आपल्या ‘वाचणे’च्या मुळाशी ‘वच्’ म्हणजे बोलणे आहे. पोथी मोठ्याने वाचली जाई, ऐकणारे भोवती बसत, ही सारी परंपरा त्या एका शब्दात आहे. इंग्रजांच्या शब्दात अर्थ लावणाऱ्याची परंपरा आहे, आणि ती संपलेली नाही. हात पाहणारा ज्योतिषी, एक्स-रे पाहणारे डॉक्टर, समोरच्याच्या चेहऱ्यावरून मनातलं ओळखणारा माणूस, या सर्वांसाठी इंग्रजी आजही ‘रीड’च वापरते. मला हे दोन्ही शब्द सारखेच मोलाचे वाटतात. मूल अडखळत अक्षरं जुळवून मोठ्याने म्हणतं, तेव्हा त्याला शाबासकी जरूर द्यावी. पण त्याच दिवशी ‘यातून तुला काय कळलं?’ हेही विचारावं. त्या प्रश्नाशिवाय वाचन शिकवणं अर्धंच राहतं.